वकील न लावता दिवाणी दावा : तुमचे अनुभव लिहा

ज्यांनी आपला दावा स्वतः चालवलाय त्यांनी लिहा. कलमं पुस्तकात सापडतात, कोर्टात उभं राहिल्यावर काय होतं ते सांगा. सुरुवात मी करतो.

बांधाचा वाद, मी प्रतिवादी. समन्स लागल्यापासून लेखी कैफियतीला (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) ३० दिवस, कोर्टानं कारण नोंदवून वाढवले तर ९०. माझ्यासोबतचा दुसरा प्रतिवादी 'तारखेला हजर राहतोय ना' म्हणत बसला आणि त्याच्याविरुद्ध 'विना कैफियत'चा हुकूम झाला. तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज, वर खर्च. तोंडी काही चालत नाही. साधी तारीख हवी तरी अर्ज, त्यावर समोरच्याचं 'से' (लेखी म्हणणं), मग हुकूम. रोजनामा, म्हणजे तारखेला काय झालं त्याची नोंद, मी ईकोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून बघायचो.

निवृत्त_मास्तर
हातउसने पैसे वसुलीचा दावा, मी वादी. मुदत ३ वर्षांची, ती संपत आली तेव्हा दाखल केला. सरतपासणी (आपल्याच बाजूची साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होते, ते जमलं. उलटतपासणीचं, म्हणजे समोरचा वकील प्रश्न विचारतो त्याचं, कुणी आधी सांगत नाही. पिंजऱ्यात तुम्हीच आणि तुमचे वकीलही तुम्हीच! समोरच्या वकिलानं भलताच प्रश्न टाकला तर हरकत घेणारा शेजारी कुणी नसतो. न्यायाधीश साहेबांनी एक-दोनदा स्वतःहून अडवलं, पण तो त्यांचा चांगुलपणा.

प्रतिवादीला विचारायचे प्रश्न मी 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असे वहीत लिहून नेले. तो म्हणत होता, पैसे घेतलेच नाहीत. 'हे तुमचं पासबुक?' हो. 'या तारखेला एवढी रक्कम जमा दिसते?' हो. बसलो खाली. 'मग खोटं का बोलता?' असं फार विचारावंसं वाटत होतं, पण त्यानं त्याला खुलाशाची संधीच मिळाली असती.

पैसे दिल्याची मूळ चिठ्ठी जपून ठेवा. झेरॉक्सवर निशाणी (पुराव्यात घेतल्याचा क्रमांक) पडताना फार वाद होतात.

आईचा_मुखत्यार
कुळमुखत्यारपत्र असलं की मुलगा आईचा दावा चालवू शकतो हा गैरसमज आहे. हजर राहता येतं, पुरसिस (कोर्टाला लेखी निवेदन) देता येते. युक्तिवादाला कोर्टाची परवानगी लागते, आणि जे फक्त आईलाच ठाऊक आहे त्याची साक्ष मला देता येत नाही. शेवटी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील घेतला. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हे फारच कमी जणींना माहीत असतं.

सुगंधा
माझं प्रकरण ग्राहक आयोगात होतं, म्हणजे थोडं विषयांतर. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकिलाशिवाय काही अडलं नाही.

बे_एरियातून
कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) सुनावणीला वकील उभा करताच येत नाही! घरमालकानं डिपॉझिट २१ दिवसांत हिशेबासकट परत करायचं असतं. घर सोडतानाचे फोटो आणि ईमेल दाखवले, तेवढ्यावर भागलं.

काळा_कोट
वकील आहे, तरी लिहितो. पैसे वसुलीचा साधा दावा स्वतः चालवा, हरकत नाही. मनाई हुकमाच्या (समोरच्याला काही करण्यापासून रोखण्याच्या) दाव्यात मात्र अंतरिम अर्जावरच, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या हुकमाच्या अर्जावरच, निम्मी लढाई संपते, तिथे निदान कैफियत तरी कुणाकडून तपासून घ्या. उच्च न्यायालयात स्वतः बाजू मांडायची तर मुंबईत आधी, तुम्हाला ते जमेल का हे बघणाऱ्या समितीपुढे जावं लागतं. आणि लोकअदालतीत तडजोड करताना मसुदा घरी नेऊन वाचा, त्या निवाड्यावर अपील नाही.