फ्रीस्टाइल फुटबॅग: दोघांच्या द्वंद्वाचे नवे स्वरूप कसे असावे?

पदन्यास (धागाकर्ता):
मंडळी, फ्रीस्टाइल फुटबॅगच्या, म्हणजे दाणे भरलेली छोटी बॅग पायांनी हवेत खेळवत करामती (ट्रिक) करण्याच्या खेळाच्या, स्पर्धांत सध्या प्रामुख्याने चार प्रकार दिसतात: संगीतावर बसवलेले, एकेरीत दोन मिनिटांपर्यंतचे ‘रुटीन’, तीस सेकंदांत जमतील तितक्या अवघड ट्रिक ओवायला लावणारे ‘श्रेड थर्टी’, सलग तीनच, पण अत्यंत कठीण ट्रिक जोडण्याचे ‘सिक थ्री’, आणि वर्तुळात आळीपाळीने खेळायचे ‘सर्कल’. यांपैकी एकाही प्रकारात दोन खेळाडू थेट एकमेकांना उत्तर देत नाहीत. फ्रीस्टाइल फुटबॉलमध्ये मात्र रेड बुल स्ट्रीट स्टाइल या स्पर्धेने तीन मिनिटांचे, तीस-तीस सेकंदांच्या आळीपाळीचे द्वंद्व केव्हाच रुळवले आहे.

माझा प्रस्ताव असा आहे. प्रत्येक खेळाडूला चार पाळ्या मिळाव्यात. बॅग जमिनीवर पडली किंवा वीस सेकंद झाले की पाळी संपावी, पण तोवर मिळवलेले गुण कायम राहावेत. गुण नेहमीच्या ‘अॅड’ पद्धतीने मोजावेत, म्हणजे बॅगभोवती पाय फिरवणे, अंगाची गिरकी घेणे, एका पायामागून दुसरा नेऊन बॅग झेलणे आणि बॅग पायावर थोपवणे यांना प्रत्येकी एक गुण. माझ्या दृष्टीने कळीचा नियम पुढचा आहे: अंताक्षरीत एकदा गायलेले गाणे पुन्हा चालत नाही, त्याप्रमाणे दोघांपैकी कोणीही एकदा केलेल्या ट्रिकला त्या द्वंद्वात पुन्हा गुण मिळू नयेत.

साशंक:
कळीचा म्हणून आपण सांगितलेला नियमच मला सर्वांत घातक वाटतो. बटरफ्लाय आणि व्हर्ल या तीन अॅडच्या ट्रिक केवळ गुणांसाठी केल्या जात नाहीत. पुढच्या अवघड ट्रिकसाठी पाय, कंबर आणि नजर योग्य जागी आणण्याचे काम त्या करतात. पहिल्या खेळाडूने पहिल्याच पाळीत त्या वापरून टाकल्या, तर दुसऱ्याने जोडणी कशाने करायची? शिवाय अॅडची मोजणी मुळातच ढोबळ आहे. टॉर्क आणि रिपवॉक या दोन्ही चार अॅडच्या. परंतु एकीत गिरकी आहे आणि दुसरीत लागोपाठ दोनदा पाय फिरवायचा आहे, त्यामुळे एकाला जी सहज जमते ती दुसऱ्याला महिनोन्महिने छळते. अशा मोजपट्टीवर बाद फेरीचा निकाल ठरवणे मला पटत नाही.

पदन्यास:
जोडणीचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे: पुनरावृत्तीची बंदी चार आणि त्यापुढच्या अॅडच्या ट्रिकनाच लावावी, म्हणजे बटरफ्लाय, व्हर्ल आणि ओसिस सर्वांना खुल्या राहतील. दोन पाळ्यांनंतर सुरुवात करणारा बदलला की आधी खेळण्याचा फायदाही बराचसा वाटला जाईल. अॅडची मोजणी ढोबळ आहे हे खरे, परंतु ती आज ‘श्रेड थर्टी’मध्येही आहेच. मी निदान खेळाडूला त्याच त्या पाठ जोड्यांबाहेर यायला लावतो आहे.

डावखुरा:
एका प्रश्नाला या धाग्यात अजून कोणी हात घातलेला नाही. उजव्या पायाने केलेला ब्लरी व्हर्ल आणि डाव्या पायाने केलेला ब्लरी व्हर्ल ही एकच ट्रिक धरायची की दोन? एकच धरली, तर दुबळ्या बाजूवर केलेल्या मेहनतीला द्वंद्वात किंमत उरणार नाही आणि प्रत्येकजण आपल्या सोयीच्या बाजूनेच खेळेल. दोन धरल्या, तर पाच अॅडची ट्रिक एकाने उजवीकडून केल्यावर दुसरा लगेच तीच डावीकडून करून पाच गुण घेईल, आणि ज्या नकलेला आळा घालायचा होता तीच मागच्या दाराने आत येईल. माझ्या मते बाजू बदलून केलेली ट्रिक नवी मानावी, मात्र ती मूळ ट्रिक करणाऱ्यालाच, प्रतिस्पर्ध्याला नव्हे. पंचांचे काम यामुळे वाढेल हे मला मान्य आहे. तरीही दोन्ही बाजूंनी सारखे खेळणारा माणूस मला अधिक पूर्ण खेळाडू वाटतो आणि स्पर्धेच्या नियमांनी तसे म्हटले पाहिजे.

जुना भिडू:
मला या संपूर्ण दिशेलाच विरोध नोंदवायचा आहे. हा खेळ 1972 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जन्मला, तो जॉन स्टालबर्गर यांच्या दुखावलेल्या गुडघ्याला व्यायाम मिळावा म्हणून माइक मार्शल यांच्यासोबत बॅग लाथाडण्यातून. वर्तुळातला शिष्टाचार अजूनही असा आहे की बॅग आधी दुसऱ्याला द्यावी आणि हातून चूक झाली तरी माफी मागू नये, कारण तिथे बॅग पडणे हा गुन्हाच नसतो. आपल्या प्रस्तावात बॅग पडली की पाळीच संपते. प्रेक्षक जमतीलही, परंतु ज्या वातावरणात नवी ट्रिक पन्नास वेळा पाडून शिकली जाते, त्याचा यात मागमूस नाही.

साशंक:
जुना भिडू यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही; जागतिक स्पर्धा 1980 च्या दशकापासून होत आहेत आणि त्यांनी वर्तुळ मोडलेले नाही. माझी हरकत मोजणीपुरतीच आहे. पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा (ब्रेकडान्सच्या द्वंद्वांचा) निकाल नऊ परीक्षकांनी तंत्र, वैविध्य, नावीन्य, सफाई आणि संगीताशी मेळ या पाच निकषांवर दोघांची थेट तुलना करून दिला. अॅड मोजत बसण्यापेक्षा तसे का करू नये?

पदन्यास:
कारण नऊ परीक्षक आणायचे कुठून? या खेळात ट्रिक अचूक ओळखू शकणारे लोक बहुतेक स्वतःच स्पर्धक असतात आणि उरलेले त्यांचे मित्र. मोजणीत मैत्रीला वाव कमी राहतो. दर सेकंदाला जवळपास एक ट्रिक होत असल्याने उघड्या डोळ्यांनी नोंद चुकेल, म्हणून दोन पंच आणि संथ करून पाहता येईल असे चित्रण एवढे किमान हवेच. जुना भिडू यांच्या आक्षेपावर इतकेच म्हणेन की पाळी संपली तरी मिळवलेले गुण जात नाहीत. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन सेकंदांत कधीच न जमलेली ट्रिक करून पाहायला कोणाला भीती वाटू नये. डावखुरा यांचा बाजूंचा नियम मी मसुद्यात घेत आहे. पहिली चाचणी आठ खेळाडूंची आणि बक्षिसाविना असावी, असे मला वाटते.

डावखुरा:
आठ ठीक आहेत, परंतु त्यांतले दोघे तरी असे असावेत की ज्यांना अजून पाच अॅडची एकही ट्रिक येत नाही. त्यांच्या द्वंद्वात प्रत्येक पाळी सहा-सात सेकंदांत संपू लागली, तर वीस सेकंदांची मर्यादा त्यांच्यासाठी निरर्थक ठरेल आणि पडल्यानंतर एकदा पुन्हा सुरुवात करण्याची मुभा द्यावी की नाही, हे आपल्याला तिथेच ठरवावे लागेल.