मराठी शाळेच्या भिंतीवर ‘शिक्षा’ की ‘शिक्षण’?

तासगावकर : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर अजून ‘सर्व शिक्षा अभियान’ रंगवलेलं आहे, शेजारी पेन्सिलीवर बसलेली दोन मुलं. धाकटी दुसरीत आहे, आत्ताशी जोडाक्षरं वाचायला लागलीय. काल ‘क्षा’वर बोट ठेवून म्हणाली, “बाबा, सगळ्यांनाच शिक्षा? का?” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, नेपाळीतही तेच. आमच्या पोरांना शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं! २०१८ला योजना बदलली, तरी नाव ‘समग्र शिक्षा’च. मराठी शाळेवर ‘शिक्षण’च पाहिजे.

कृष्णाकाठ : नाही पटलं. शब्द हिंदीच्या मालकीचा नाही, संस्कृतातला आहे. शक् म्हणजे जमणं. त्यावरून शिक्ष्, म्हणजे जमावं अशी इच्छा धरणं. वेदांगांतली शिक्षा म्हणजे उच्चारांचं शास्त्र. तैत्तिरीय उपनिषदात तर शीक्षावल्लीच आहे. शिकवणं, वळण लावणं, मग ‘चांगला धडा शिकवतो’ असं करत तो छडीपर्यंत आला. लेकीला हे सांगा की. पुसायचं कशाला?

जतचा मास्तर : इथं जत भागात कानडी माध्यमाच्याही शाळा आहेत. कन्नडची लिपी वेगळी आणि शब्दाच्या शेवटी एकार, पण ‘शिक्षे’ म्हणजे आपलीच शिक्षा, आणि शिकण्याला ‘शिक्षण’. तेव्हा मराठीनं एकटीनं शब्द बिघडवला असं कुणी म्हणू नये. ‘दंड’ही बघा. हिंदीत मृत्युदंड होतो, आपल्याकडं दंड म्हटलं की पावती फाडायची.

तासगावकर : कृष्णाकाठ दादा, व्युत्पत्ती शंभर टक्के मान्य. पण २००९चा कायदा घ्या. हिंदीत ‘शिक्षा का अधिकार’. त्याच कायद्याच्या कलम १७नं शाळेत मुलांना मारायला बंदी घातली. मराठीत शब्द तसाच उचलला असता, तर ज्याला बंदी त्याचाच हक्क झाला असता! म्हणून तिथं ‘शिक्षणाचा हक्क’ केलं. मग भिंतीवरच का नको? सात वर्षांच्या पोरीनं आधी उपनिषद वाचायचं आणि मग शाळेची भिंत?

कृष्णाकाठ : कायद्यात नेमका शब्द हवा, ते कबूल. पण जुना अर्थ मराठीतून कायमचा गेला, हे मी मानणार नाही. ‘शिक्षक’ अजून शिकवतोच ना?

तासगावकर : शिकवतो, म्हणून तर ‘शिक्षक’ वाचून ती घाबरली नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय मांडतोय. ‘क्षा’चा काना पुसायचा आणि पुढं ‘ण’ काढायचा, एवढंच काम आहे.

जतचा मास्तर : कळवा. अक्षरं काढायला मी येतो.