थकवा दहापैकी किती? मी पाच म्हटलं, नवरा म्हणाला आठ

सूतकताई: एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार, होऊन सहा वर्षं झाली. मी धायरीला राहते, नारायण पेठेत एका प्रकाशनासाठी मुद्रितं तपासते. परवा डॉक्टरांनी विचारलं, थकवा शून्य ते दहात किती? मी म्हटलं पाच. शेजारी बसलेला नवरा म्हणाला, आठ लिहा.

खोटं दोघंही बोलत नव्हतो. मी पायांचं सांगत होते. जिना चढते, भाजी आणते, स्वारगेटला बसमधून उतरून रिक्षापर्यंत नीट चालते. त्याला संध्याकाळची मी दिसते. तेव्हा मला फोनवर दोन वाक्यं सलग बोलवत नाहीत.

दुपारी तीननंतर माझ्या डोळ्यांना अक्षरं दिसतात, पण डोकं ती घेत नाही. ओळीखाली पट्टी धरते, तरी ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात निसटलेली असते. मागच्या महिन्यात महाभारतावरच्या एका पुस्तकात 'सूतपुत्र' सगळीकडे 'सुतपुत्र' झालं होतं. सकाळी वाचलेल्या पानांवर ते मी खोडलंय. दुपारच्या अकरा पानांवर तसंच गेलं. त्यावर वरिष्ठ म्हणाले, "तुमचे हातपाय तर व्यवस्थित चालतात!" ते फार लागलं. शरीराचा थकवा आणि डोक्याचा थकवा वेगवेगळा मोजायची काही पद्धत आहे का?

फिजिओ_कर्वेनगर: ताई, आहे. मॉडिफाइड फटीग इम्पॅक्ट स्केल, एमएफआयएस. २१ प्रश्न, गेल्या चार आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्यात ९ प्रश्न शरीराचे, १० डोक्याचे आणि २ लोकांत मिसळण्याचे. एकूण ८४ पैकी ३८ च्या पुढे गेलं की थकवा त्रासदायक धरतात, पण तुमच्या बाबतीत एकूण बेरजेपेक्षा तिन्ही भाग सुटे बघा. ९ विधानांचं फटीग सिव्हिअरिटी स्केलही खूप वापरतात. ते १९८९ चं आहे, सोपं आहे, पण त्यातून हा फरक कळणार नाही.

आणखी एक. आपल्याला जाणवतो तो थकवा आणि काम करताना प्रत्यक्ष घटणारी क्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सहा मिनिटांच्या चालण्यात शेवटच्या मिनिटाला वेग किती पडला, ते मी घड्याळ लावून मोजतो. तो जेमतेम पडलेला असतो आणि माणूस मात्र "संपलो" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. तुमची ती अकरा पानं म्हणजे दुसऱ्या प्रकारचं मोजमाप झालं, ती डॉक्टरांना जरूर दाखवा.

फॉर्म दर वेळी एकाच वेळेला भरा. प्रश्न चार आठवड्यांचे असले तरी त्या क्षणी जसं वाटतं, त्याची सावली उत्तरांवर पडते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, झोप, मनाची उदासी हे सगळं डॉक्टरांनी तपासलंय ना? स्नायू सैल करणारी गोळी चालू असेल तर तिनंही गुंगी येते.

हडपसरची_लेक: आमच्या बाबांना स्ट्रोक झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला. थकवा विचारला की "बरं आहे" एवढंच. म्हणून कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ मारून दिली, डावीकडे 'अजिबात नाही', उजवीकडे 'अगदी गळून गेलो'. बाबा रोज उजव्या टोकालाच खूण करायचे. आम्ही घाबरलो. मग फिजिओताईंच्या लक्षात आलं, त्यांचं डावीकडे लक्षच जात नाही! जेवतानाही ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. आता रेघ उभी काढते, अंगठा ठेवून दाखवतात. काल मध्यावर होता.

एमएसवाला_बिबवेवाडी: उन्हाचीही नोंद ठेवा. अंग तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात, ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी हे १८९० मध्येच लिहून ठेवलंय. एप्रिलमधले आकडे डिसेंबरशी ताडून बघितले आणि आजार वाढला म्हणून मी उगाच रडलो होतो.

सूतकताई: सगळ्यांचे मनापासून आभार. रक्ताच्या तपासण्या झाल्यात, ठीक आहेत. शनिवारी सकाळी दहाला फॉर्म भरला. शरीराचे ३६ पैकी १४, डोक्याचे ४० पैकी २९, उरलेले ८ पैकी ५. एकूण ४८. चौदा आणि एकोणतीस शेजारी शेजारी बघून मला रडू आलं. सहा वर्षं जे सांगत होते, ते कागदावर होतं.

फॉर्म इंग्रजी होता, पहिल्याच प्रश्नातल्या 'अलर्ट'पाशी अडले. सावध? मी सावध असतेच, तरतरीत नसते. दमणं वेगळं, गळून जाणं वेगळं, शीण वेगळा. त्याचं मराठी मीच करून बाकीच्यांना वापरायला देऊ का?

फिजिओ_कर्वेनगर: गुण काढायला नको, ताई. शब्द बदलला की गुण आधीच्यांशी जुळवता येत नाहीत. पण हे शब्द वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

सूतकताई: बरं. वहीत दोन रकाने आखलेत, अंग आणि डोकं, सकाळी दहा आणि दुपारी चार. आजचे चारचे आकडे: अंग ४, डोकं ८. पहिलं वाचन आता सकाळीच करते, दुपारी फक्त पानांचे क्रमांक आणि अनुक्रमणिका.