झेब्रावर आधी कोण, गाडीवाला की पायी चालणारा?

डेक्कनकर (धागाकर्ता)
दरवर्षी 11 डिसेंबरला पुणे महापालिका पादचारी दिन साजरा करते. 2021 पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग गाड्यांना बंद असतो. लोक भर रस्त्यात उभे राहून फोटो काढतात, मुलं खेळतात. 12 तारखेला तीच माणसं त्याच रस्त्यावर एक हात आडवा करून, जीव मुठीत धरून पलीकडे पळतात.

सिग्नल नसलेल्या झेब्रावर पहिला हक्क पादचाऱ्याचा. हे उपकार नव्हेत, 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांत स्पष्ट लिहिलंय: वेग कमी करा, थांबा, पादचाऱ्याला आणि व्हीलचेअरवाल्याला जाऊ द्या. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतही हा प्रश्न असतो. झेब्राजवळ लोक रस्ता ओलांडायला थांबलेत, तुम्ही काय कराल? हॉर्न देऊन पुढे जाल, वेग कमी करून हॉर्न देत जाल, की थांबून त्यांना जाऊ द्याल? तिसऱ्या पर्यायावर टिक करून आपण सगळे पास झालो आणि पहिला पर्याय रोज वापरतो. का?

स्प्लेंडर_सदाशिव
कारण तुमचा झेब्रा दिसतच नाही! निम्मा पुसलेला, उरलेल्यावर पार्किंग. आणि समजा दिसला, मी थांबलो, तर मागून येणारा टेम्पो थांबणार आहे का? नियम मला माहीत असून काय उपयोग, मागच्याला माहीत नाही. पादचारी काय धुतल्या तांदळासारखे आहेत का? तुळशीबागेसमोर दोन गाड्यांच्या फटीतून मोबाईलवर बोलत बोलत थेट चाकापुढे येतात. तिथे कुठला झेब्रा असतो?

डेक्कनकर
करकचून ब्रेक मारायला कोण सांगतंय? लांबूनच वेग कमी केला की मागच्यालाही कळतं. आणि मागून ठोकणाऱ्याने अंतर ठेवलं नव्हतं, ती चूक त्याची. तिची शिक्षा झेब्रावरच्या म्हातारीला का?

मीटर_डाऊन
मी रिक्षा चालवतो, माझंही ऐका. झेब्राला थांबलो की मागची सीट म्हणते, "काका, घ्या ना पुढे, गाडी चुकेल." हाच माणूस स्टेशनला उतरला की रस्ता ओलांडताना आम्हाला शिव्या घालतो. माणूस तोच, फक्त उतरला. आम्हालाच गुन्हेगार ठरवू नका.

लेस्टरची_वहिनी
इथे ब्रिटनमध्ये झेब्रावर पाय ठेवला की गाडी थांबलीच पाहिजे, तो कायदा आहे. 29 जानेवारी 2022 पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, भर पडली: वळणाऱ्या गाडीने, ती ज्या रस्त्यात शिरतेय त्याच्या तोंडाशी ओलांडायला नुसतं थांबलेल्या पादचाऱ्यालाही आधी जाऊ द्यायचं. ही सूचना आहे, थेट दंड नाही, पण अपघात झाला तर कोर्टात ती काढली जाते. गंमत म्हणजे इथल्या कित्येक जुन्या ड्रायव्हरांना हा बदल अजून माहीत नाही. मी कोपऱ्यावर थांबते, ते सरळ वळून जातात. आणि हो, झेब्रा सोडून दुसरीकडून रस्ता ओलांडणं इथे गुन्हा नाही.

स्प्लेंडर_सदाशिव
आली परदेशातली उदाहरणं! वहिनी, तिकडे फुटपाथवर वडापावची गाडी असते का?

महाद्वार_रोड
मी कोल्हापूरचा. आमच्याकडे अंबाबाईच्या देवळाबाहेर सणावाराला कुणाचा हक्क वगैरे प्रश्नच येत नाही. गर्दी एवढी की गाडीच माणसाच्या चालीने चालते. गोंधळ दिसतो, पण वेगच नसल्यावर कोण कुणाला उडवणार? हक्काची भाषा सोडा, वेग मारा. गावाच्या मध्यात पट्टे रंगवण्यापेक्षा रस्ताच असा करा की दामटता येणार नाही.

मोजपट्टी
महाद्वारशी निम्मी सहमत. पण गर्दी ओसरली की रात्री त्याच रस्त्यावर पोरं गाड्या पळवतात, तेव्हा काय?

मी रस्त्यांचंच काम करते, म्हणून दोन गोष्टी. एक, सिग्नलचं गणित. पादचाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला 1.2 मीटर धरतात. म्हणजे 18 मीटर रस्त्याला 15 सेकंद, तेही धडधाकट माणसाला. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा मूल कडेवर असलेल्या बाईला तेवढे पुरत नाहीत. त्या मध्यावर पोचतात आणि हिरवा माणूस लाल होतो.

दोन, मोकळं डावं वळण, म्हणजे सिग्नल लाल असला तरी डावीकडे वळायची मुभा. याच्याइतकी वाईट सवय आपल्या चौकांना दुसरी लागलेली नाही. पादचाऱ्याला हिरवा दिसतो, तो विश्वासाने उतरतो, आणि डावीकडून वळणाऱ्या दुचाक्यांची रांग तुटतच नाही. प्रत्येकाला वाटतं, पुढच्याने कट मारला, मी पण निघतो. वळणाऱ्याने चालणाऱ्याला आधी सोडायचं, हे सांगायला तिथे ना पाटी असते ना मामा. मग लोक सिग्नल सोडून मधूनच ओलांडतात. स्प्लेंडरभाऊ, तुमचे ते मोबाईलवाले सगळेच बेशिस्त नसतात. चौकापेक्षा मधला रस्ता बरा, असा त्यातल्या अनेकांचा हिशोब असतो.

स्प्लेंडर_सदाशिव
डाव्या वळणाचं पटलं. पण आम्ही सिग्नल तोडला की फोटोसकट चलन घरी. पादचारी लाल माणूस बघून सरळ चालत सुटला तर त्याला काय होतं? काहीच नाही.

डेक्कनकर
काहीच नाही? 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातले 32,825 पादचारी. सरकारी आकडा आहे. चलनापेक्षा जड वाटतो मला. आणि फुटपाथचं म्हणाल तर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळे फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या वडापावच्या गाडीइतकीच फुटपाथवर चढवलेली ॲक्टिव्हाही त्या हक्काच्या आड येते.

मीटर_डाऊन
कोर्टाचं राहू द्या. झेब्रा नुसता रंगवू नका, फुटपाथच्या उंचीला उचलून घ्या. गाडीला चढ लागला की आपोआप स्लो. मग मागच्या सीटला पण सांगता येतं, उंचवटा आहे ताई, कसा पळवू?

मोजपट्टी
बरोबर. पण पावसाचं पाणी दोन्ही कडेला निघून जाईल असा उतार ठेवायला लागतो, नाहीतर पादचारी डबक्यात. आणि दुचाकी चढू नये म्हणून तोंडाशी खांब इतके जवळ ठोकतात की व्हीलचेअरच अडकते.

स्प्लेंडर_सदाशिव
करा उंच. पहिला शनिपारला करा, मी रोज तिथूनच जातो. पण सांगून ठेवतो, आठवड्यात त्यावर कुणीतरी पथारी टाकेल आणि मग तुम्हीच इथे नवा धागा काढाल.