बी२ चं प्यादं खाल्लं म्हणून नाही हरली

वर दोघातिघांनी लिहिलंय की आपल्या परभणीच्या पोरीनं लातूरला मुलींच्या बुद्धिबळ स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना नायडॉर्फमध्ये (डाव सुरू करायची एक पद्धत) वजिरानं बी२ चं विषारी प्यादं (खाल्लं की वजीर अडकायची भीती, म्हणून हे नाव) खाल्लं अन् तिथंच डाव गेला. मला नाही पटत राव. काल जेवण झाल्यावर बोर्ड मांडून बसलो, वजीर ए३ वर गेल्यावर पांढऱ्यानं एफ५ ढकललं, ई६ वर प्यादी कटली, सी६ वर घोडे कटले, मग पांढऱ्याचं प्यादं ई५, इथपर्यंत सगळं थिअरीतलंच (आधीच अभ्यासलेल्या ठरीव चालींतलंच) आहे अन् काळ्याचं काहीच बिघडलेलं नाही.

चूक झाली ती १३ व्या चालीला. डी प्याद्यानं ई५ मारायचं होतं, उंटानं एफ६ चा घोडा खाल्ला तर खाऊ द्यायचा, जी प्याद्यानं परत मारायचं, प्यादी फाटतात (त्यांची रांग तुटते) पण पांढऱ्याचा काळ्या घरांचा उंट तर जातो ना! हिनं घोडा डी७ ला मागं नेला, मग जी५ चा उंट ई७ अन् डी८ दोन्ही घरं दाबून बसला अन् राजा मधेच अडकला.

अन् ते १९७२ च्या रेक्याविकच्या फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या सामन्यातला ११ वा डाव काय दाखवायलेत, त्यात फिशर हरला हे खरंय, स्पास्कीनं घोडा बी१ ला परत नेऊन वजीर कोंडला, पण तिथं ९ वी चाल घोडा बी३ होती, इथं हत्ती बी१. लाईनच (चालींचा क्रमच) वेगळी.

ई५ नंतर पोरीनं २५ मिनिटं घातली म्हणे, त्याचं कुणीच बोलंना. स्कोअरशीट (चालींची नोंद) कुणाकडं असंल तर १८ व्या चालीच्या पुढच्या चाली टाका.