मदत हवी आहे: 'रुरोनी केनशिन'ची मांगा (जपानी कॉमिक) कुठून सुरू करू?

तिच्यावरची १९९६ची जुनी ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका बघतोय. क्योटोचा भाग ६२व्या एपिसोडला संपला. खलनायक शिशिओशी झालेली ती शेवटची लढाई, अंगावर काटा! पुढे मात्र मांगात नसलेलं भरताड सुरू झालं. शिमाबाराचा भाग कसाबसा रेटला, मग सोडलं. ९५पर्यंत जायचा धीर नाही. १९९९च्या ओव्हीएचे (टीव्हीऐवजी थेट व्हिडिओवर आलेल्या ॲनिमेचे) चार एपिसोड पाहिलेत, त्यामुळे नायक केनशिनच्या गालावरची फुलीसारखी खूण कशी आली ते माहीत आहे. २०२३ची नवी मालिका सुचवू नका, मला पुढची गोष्ट हवीय.

क्योटोनंतरचा, मांगातला शेवटचा जिनचूचा भाग वाचायचाय. २८ खंड एकदम घेणं खिशाला परवडणार नाही. कितव्या खंडापासून घेऊ? आणि क्योटोतलं ॲनिमेत गाळलेलं काही आधी वाचावं लागेल का?