मदत हवी आहे: स्टॅबिलायझरशिवाय सोन्याचे नॅनोकण टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पाण्यात सोन्याचे नॅनोकण बनवतेय. सायट्रेट, पीव्हीपी असं कण एकमेकांना चिकटू न देणारं स्टॅबिलायझर काहीच घालायचं नाही, कारण पुढे ४-नायट्रोफिनॉलच्या क्षपणासाठी उत्प्रेरक म्हणून वापरायचेत आणि कणांचा पृष्ठभाग मोकळा हवाय.

०.२५ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्लात (सोनं यातूनच येतं) बर्फात थंड केलेलं ताजं सोडियम बोरोहायड्राइड (क्षपणक) एकदम ओतते, जोरात ढवळते. क्षणात सुंदर वाइनसारखा लाल रंग येतो, प्रकाश शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास. पण दुपारपर्यंत तोच फ्लास्क जांभळट-निळा, आणि सकाळी तळाशी काळा गाळ! तीन आठवडे हेच चाललंय, खरंच जीव तुटतो.

काचेची भांडी अॅक्वा रेजियाने (तीव्र आम्लांचं मिश्रण) धुतली, पाणी १८.२ मेगाओहमचं, म्हणजे अतिशुद्ध आहे. माझा संशय क्षारांवर आहे: आयन वाढले की कणांभोवतीचा विद्युतभार झाकला जातो आणि ते एकमेकांना चिकटतात. मग सोनं आणखी पातळ घेऊ, की सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच वाढवू? बोरोहायड्राइडचं सोन्याशी मोलर प्रमाण तुम्ही किती ठेवता? डायलिसिस (पडद्यातून क्षार काढून टाकणं) केल्यावर कण टिकले का कुणाचे?

स्वतः करून पाहिलेल्यांनी प्लीज सांगा. पुढच्या आठवड्यात गाइड मॅडमना नमुना दाखवायचाय.